चांद्याचा लोहउद्योग

चांद्याचा लोहउद्योग : महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत लोहखनिजाच्या आधारे चालत आलेले परंपरागत धंदे, तेथे पोलादाचा आधुनिक कारखाना उभारण्याचा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झालेला प्रयत्न आणि त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी तेथे प्रत्यक्ष आलेले कारखाने व खाणी, या सर्वांचा समावेश या विषयात होतो. हे दोन्ही जिल्हे ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच होते आणि इंग्रजी अमदानीत तो जिल्हा ‘चांदा’ या नावाने ओळखला जाई. भारतातील पहिला मोठा पोलाद कारखाना कोठे व्हावा, याची पहिली कल्पना ज्या प्रदेशावरून सुचली तो हाच प्रदेश होय. कारखाना मात्र येथे झाला नाही. तो पूर्वेकडे शेकडो किमी. दूर, सुवर्णरेखा व खरकाई या नद्यांच्या संगमावर साकची येथे झाला. उत्तम लोहखनिज, दगडी कोळसा व चुनखडी हे तिन्ही पदार्थ जवळजवळ एकाच टापूत असताना असे का घडले, हा भारतीय उद्योगाच्या इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न आहे व त्याचे उत्तर प्रामुख्याने तंत्रविद्येत सापडते.

खनिजांची मांडणी : प्रदेशाच्या पूर्व भागात अतिप्राचीन खडकांत हेमॅटाइट व काही ठिकाणी मॅग्नेटाइट या लोहखनिजांचे साठे विखुरलेले आहेत. लोहारा, पिंपळगाव, देवळगाव ही जुन्या अहवालांत वारंवार येणारी नावे या पट्ट्यातील होत. आग्नेयीकडे एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे डोंगर याच प्रकारचे, परंतु विस्ताराने कितीतरी मोठे आहेत. पश्चिमेस वर्धा नदीच्या खोऱ्यात गोंडवन संघाच्या खडकांत दगडी कोळशाचे थर असून वरोरा, माजरी, घुग्घुस, चंद्रपूर, बल्लारपूर व नदीपलीकडील सास्ती ही त्यांची प्रमुख ठिकाणे होत. नैर्ऋत्येस राजुरा, कोरपना व जिवती या तालुक्यांत पैनगंगा श्रेणीची चुनखडी आढळते. जिवतीचा भाग म्हणजे माणिकगड डोंगररांगेचा उंच, वनाच्छादित मुलूख असून त्याच्या पायथ्याशी चुनखडीचे विस्तृत थर उघडे पडलेले आहेत.

नकाशावर ही तीन खनिजे शेजारी दिसत असली, तरी राजकीय दृष्ट्या ती एका अंमलाखाली नव्हती. वर्धा नदी ही ब्रिटिश मध्य प्रांत व निजामाचे हैदराबाद संस्थान यांमधील सीमा होती. आजचा जिवती तालुका ज्या राजुरा तालुक्यात मोडत असे तो संस्थानच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो नांदेड जिल्ह्यास जोडण्यात आला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात आला. त्यामुळे इंग्रज अधिकारी किंवा भांडवलदार चांद्याच्या लोखंडाचा हिशेब मांडीत, तेव्हा नदीपलीकडची चुनखडी व कोळसा हे परक्या दरबाराच्या परवानगीचे विषय ठरत.

देशी भट्ट्या : गोंड लोकांना खनिजापासून लोखंड काढण्याची विद्या कोल भिल नावाच्या एका वीराने शिकविली, अशी चांद्याकडील परंपरा आहे. मेजर ल्यूसी स्मिथ यांनी १८६९ च्या सुमारास केलेल्या जिल्ह्याच्या जमाबंदी अहवालात ती नोंदविलेली आढळते. कथेतील काळाचा निर्णय करणे शक्य नाही; तथापि लोखंडाचे ज्ञान आणि गोंडांची सत्ता यांचा संबंध लोकस्मृतीने जोडलेला आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे. जंगल तोडून शेती करावयाची, किल्ले बांधावयाचे व शिकार करावयाची अशा मुलखात कुऱ्हाड, फाळ व बाणाचे टोक यांना असलेले महत्त्व सहज समजण्यासारखे आहे.

देशी भट्टी मातीची, साधारणपणे पुरुषभर उंचीहून कमी व वर निमुळती होत गेलेली असे. तीत लोणारी कोळसा व फोडलेले खनिज यांचे थर वरून टाकीत आणि कातडी भात्यांनी तळाशी वारा घालीत. कोळसा जळून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू खनिजातील ऑक्सिजन काढून घेतो, म्हणजेच खनिजाचे क्षपण होते. शुद्ध लोखंड वितळण्यास सु. १,५३८° से. तापमान लागते. मातीच्या भट्टीत ते गाठता येत नसे. म्हणून लोखंड घनरूपातच राही व खनिजातील दगडमाती मात्र काही लोहासह वितळून मळीच्या रूपाने वाहून जाई. भट्टी फोडून बाहेर काढलेला सच्छिद्र गोळा तापवून ऐरणीवर पुनःपुन्हा ठोकला, की आतील मळी पिळून निघे आणि घडीव लोखंड मिळे. या रीतीत खनिजातील लोहाचा बराच मोठा अंश मळीत फुकट जाई आणि लोखंडाच्या वजनाच्या कित्येक पट कोळसा लागे. इंग्रज निरीक्षकांनी यावर उधळेपणाचा ठपका ठेवला आहे. परंतु खनिज डोंगरावर वेचून मिळे, लाकूड भोवतीच्या रानातले असे व भट्टी दोन दिवसांत उभी राही. अशा परिस्थितीत ही रीत तोट्याची नव्हती. शिवाय लोणारी कोळशात गंधक जवळजवळ नसल्यामुळे हे लोखंड चिवट होई व गावचे लोहार ते विलायती पट्टीपेक्षा अधिक पसंत करीत.

हा धंदा खालावण्याची कारणे त्या रीतीच्या बाहेरची होत. १८७७ च्या सुमारास वर्ध्याहून वरोऱ्यास रेल्वे पोहोचली व तिच्याबरोबर स्वस्त विलायती लोखंड आले. १८७८ च्या वन अधिनियमानंतर राखीव जंगलांत लाकूड तोडण्यावर व कोळसा पाडण्यावर निर्बंध आले. १८९६–९७ व १८९९–१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांतातील ग्रामीण जीवन विस्कटून टाकले. ज्या वर्षांत सरकारी भूवैज्ञानिक चांद्याच्या खनिजाची प्रतवारी करीत होते, त्याच वर्षांत ते खनिज वितळविणारी माणसे भट्ट्या सोडून मजुरीकडे वळत होती.

भूवैज्ञानिकांची नोंद : नागपूरचे राज्य खालसा झाल्यानंतर (१८५४) इंग्रजांना या मुलखात प्रथम रस होता तो कोळशाचा. मुंबई–नागपूर रेल्वेस दूरच्या बंगालमधून कोळसा आणणे परवडत नसे. वरोरा येथे सरकारने खाण काढली आणि ती १९०६ मध्ये बंद होईपर्यंत चालविली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या टी. डब्ल्यू. एच. ह्यूझ यांनी वर्धा खोऱ्याच्या कोळसाक्षेत्रावरील आपला वृत्तांत १८७७ मध्ये प्रसिद्ध केला. चांद्याच्या लोहखनिजाची, विशेषतः लोहारा येथील टेकडीची, कीर्ती या काळातील सरकारी कागदपत्रांतून पसरली. ही टेकडी जवळजवळ संपूर्ण लोहखनिजाची असून त्यात लोहाचे प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक आहे, असे पृथक्करणात दिसून आले. त्या काळी यूरोपातील अनेक कारखाने याच्या निम्म्या प्रतीच्या खनिजावर चालत.

१८८२ मध्ये रिटर फोन श्वार्ट्झ या जर्मन भाषिक लोहतज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोहउद्योगाच्या आर्थिक संभाव्यतेविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. लोहारा येथील खनिज उत्कृष्ट असून वरोऱ्याचा कोळसा त्यापासून फार दूर नाही, हा त्यातील मुख्य मुद्दा होता. अहवाल एका खाजगी वाचकाच्या हाती पडला नसता, तर तो सरकारी दप्तरातच राहिला असता. तो वाचक म्हणजे जमशेटजी टाटा (१८३९–१९०४) होत.

जमशेटजींची योजना : जमशेटजींना हा प्रदेश अपरिचित नव्हता. मुंबईच्या गिरण्यांच्या गर्दीत आणखी एक गिरणी न काढता त्यांनी नागपूर हे स्थळ निवडले आणि १ जानेवारी १८७७ रोजी तेथे एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस पिकतो तेथेच, कोळशाच्या खाणीजवळ व कापड खपते त्या बाजारपेठेत गिरणी असावी, हा त्यामागील विचार होता. मुंबईच्या धनिकांना तो विक्षिप्त वाटला. लवकरच मिलच्या नफ्याने तो खरा ठरविला. या मिलमध्ये रिंग पद्धतीच्या चात्या इतरांच्या आधी बसविण्यात आल्या, हवा दमट ठेवण्याची व आग विझविण्याची यंत्रे आली आणि १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी सुरू झाला. कच्च्या मालाजवळ जाणे, जगातील उत्तम यंत्र निवडून आणणे आणि कामगार टिकवून धरणे या तीन सूत्रांवर त्यांची उद्योगनीती उभी होती. लोखंडाच्या बाबतीत त्यांनी प्रथम याच नीतीने विचार केला. लोहारा व वरोरा ही दोन्ही ठिकाणे नागपूरच्या टप्प्यात होती.

तथापि कापूस आणि लोखंड यांत मोठा फरक आहे. कापसाच्या गिरणीस कोणताही जळाऊ कोळसा चालतो. लोखंडास तो चालत नाही. जमशेटजींनी वरोऱ्याचा कोळसा जर्मनीत पाठवून तपासून घेतला आणि तो लोखंड वितळविण्यास निरुपयोगी असल्याचे उत्तर आले. दुसरी अडचण कायद्याची होती. त्या वेळचे खनिज शोधाचे व खाणपट्ट्याचे सरकारी नियम इतके जाचक होते, की मोठे भांडवल गुंतविणाऱ्यास कोणतीही शाश्वती मिळत नसे. जमशेटजींनी योजना बाजूस ठेवली. सोडली मात्र नाही. सतरा वर्षे ते देशातील खनिजांविषयी माहिती व नमुने गोळा करीत राहिले.

१८९९ मध्ये परिस्थिती पालटली. लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दीत खाणकामाचे नियम सैल झाले आणि त्याच वर्षी मेजर आर. एच. माहोन यांनी भारतात पोलाद कारखाना काढणे शक्य आहे, असा अहवाल दिला. जमशेटजींनी लंडनला जाऊन भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांची भेट घेतली व सरकारी सहानुभूतीचे आश्वासन मिळविले. १९०२ मध्ये ते अमेरिकेस गेले. कारखान्याचा आराखडा इंग्लंडमधील तज्ञांकडून न घेता अमेरिकनांकडून घ्यावयाचा, हा निर्णय त्या काळात धाडसाचा होता. त्यामागे स्पष्ट कारण होते. अमेरिकेतील पोलाद उद्योग त्या वेळी आकाराने व यांत्रिकीकरणाने ब्रिटनच्या पुढे गेलेला होता आणि विस्तीर्ण देशात दूरदूरची खनिजे रेल्वेने एकत्र आणण्याचा अनुभव अमेरिकन अभियंत्यांना होता. पिट्सबर्ग येथील ज्यूलियन केनेडी यांनी प्रथम काटेकोर सर्वेक्षण करण्याचा सल्ला दिला व त्यासाठी न्यूयॉर्कचे सल्लागार अभियंते चार्ल्स पेज पेरिन यांचे नाव सुचविले. पेरिन यांनी आपले सहकारी भूवैज्ञानिक सी. एम. वेल्ड यांना भारतात पाठविले. आधी कारखाना आणि मग खनिज, असा क्रम भारतात पूर्वी अनेकदा झाला होता व त्यात भांडवल बुडाले होते. टाटांनी तो क्रम उलटा केला.

लोहाऱ्याचे सर्वेक्षण : वेल्ड १९०४ च्या उन्हाळ्याच्या तोंडी भारतात आले. जमशेटजींचे ज्येष्ठ पुत्र दोराबजी व भाचे शापुरजी सकलातवाला यांच्यासह त्यांनी चांद्याच्या जंगलात तळ दिला. रस्ते नव्हते, बैलगाड्यांनी प्रवास करावा लागे, वाघांचा वावर होता व पाण्याचे दुर्भिक्ष होते. एकदा चहासाठी सोड्याच्या बाटल्या फोडाव्या लागल्या, अशी हकीकत सांगतात. (हेच सकलातवाला पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक झाले व १९२२ मध्ये लंडनच्या उत्तर बॅटरसी मतदारसंघातून साम्यवादी म्हणून ब्रिटिश संसदेवर निवडून आले. भारताच्या पहिल्या मोठ्या भांडवली प्रकल्पाचे प्रारंभिक सर्वेक्षण करणाऱ्यांत ते होते, ही योगायोगाची गोष्ट.)

सर्वेक्षणाचे फलित निराशाजनक होते. लोहाऱ्याच्या खनिजाची प्रत अहवालात म्हटल्याप्रमाणे उत्तम होती, पण साठा अपेक्षेइतका मोठा नव्हता. इतर ठिकाणचे साठे विखुरलेले होते. मोठ्या झोतभट्टीस कित्येक दशके पुरेल इतके खनिज एका जागी नसल्यामुळे त्यावर कारखाना उभारणे योग्य नाही, असा निष्कर्ष वेल्ड यांनी काढला. जर्मनीतील चाचणीने कोळशाचा प्रश्न आधीच प्रतिकूल ठरविला होता. १९ मे १९०४ रोजी जमशेटजी जर्मनीत बाड नौहाइम येथे निवर्तले. शोध थांबवून वेल्ड यांनी परत जावे, असा विचार पुढे आला; परंतु दोराबजींनी त्यांना थांबवून घेतले.

यापुढील प्रसंग बहुश्रुत आहे. चांद्यातील शोध सोडून देत असल्याचे सरकारला कळविण्यासाठी दोराबजी नागपूरला गेले. अधिकारी येईपर्यंत वेळ काढण्यासाठी ते समोरच्या संग्रहालयात, म्हणजे नागपूरकर ज्याला ‘अजब बंगला’ म्हणतात त्या वास्तूत, शिरले. तेथे मध्य प्रांताच्या एका भूवैज्ञानिक नकाशावर त्यांना दुर्गच्या बाजूस लोहखनिजाची गडद खूण दिसली. तिच्या आधारे दल्ली व राजहरा येथील डोंगर गाठण्यात आले आणि तेथील खनिजाचा प्रचंड साठा पाहून सर्वेक्षक चकित झाले. ही कथा रम्य आहे व खरीही आहे. परंतु तिच्यामुळे सगळे श्रेय दैवाकडे जाते, ते योग्य नव्हे. नकाशावरील ती खूण प्रमथनाथ बोस या भारतीय भूवैज्ञानिकाने सरकारी सेवेत असताना केलेल्या पाहणीची होती. आपल्या नकाशाचा उपयोग कोणी केला नाही, याची खंत न बाळगता निवृत्तीनंतर बोस यांनी मयूरभंज संस्थानात काम केले आणि तेथील गोरुमहिसानी डोंगरातील खनिजाविषयी २४ फेब्रुवारी १९०४ रोजी जमशेटजींना पत्र लिहिले. दुर्गचे खनिज उत्तम असूनही त्याच्याजवळ योग्य कोळसा व पुरेसे पाणी नव्हते. महानदीकाठी पदमपूर येथे कारखाना काढण्याचा विचार काही काळ झाला. अखेर गोरुमहिसानीचे खनिज व झरियाचा कोळसा यांच्या मध्यावर असलेली साकची ही जागा ठरली. २६ ऑगस्ट १९०७ रोजी टाटा आयर्न अँड स्टील कंपनीची नोंदणी झाली. लंडनच्या भांडवल बाजाराने पाठ फिरविल्यानंतर मुंबईत तीन आठवड्यांत सु. ८,००० भारतीयांनी भागभांडवल उभे केले. १९११ च्या अखेरीस पहिले बीड व १९१२ च्या फेब्रुवारीत पहिले पोलाद निघाले.

दल्ली-राजहराचे खनिज मात्र वाया गेले नाही. सोव्हिएट संघाच्या साहाय्याने उभारलेल्या भिलाई कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली ती याच डोंगरांच्या आधारावर. चांद्याच्या वाट्यास असे दुसरे निमंत्रण दीर्घकाळ आले नाही.

कोळशाचा प्रश्न : चांदा मागे पडण्याचे मूळ कारण समजण्यासाठी झोतभट्टीचे कार्य थोडक्यात पाहिले पाहिजे. झोतभट्टीत कोक तीन कामे करतो : जळून उष्णता देतो, क्षपण करणारा वायू निर्माण करतो आणि वरच्या खनिजाचा सगळा भार पेलून वाऱ्यास वाट मोकळी ठेवतो. पहिली दोन कामे साधा कोळसाही करू शकतो; तिसरे करू शकत नाही. त्यासाठी कोळसा हवेविना तापविला असता मऊ होऊन पुन्हा कठीण, सच्छिद्र ढेकळाच्या रूपात घट्ट व्हावा लागतो. झरियाच्या कोळशाच्या काही थरांत हा गुण आहे. वर्धा खोऱ्याच्या कोळशात तो नाही. त्यात ओलावा व बाष्पनशील द्रव्ये अधिक असून तापविल्यावर त्याचा भुगा होतो. भट्टी जितकी उंच, तितका हा दोष अधिक जाचतो. लोणारी कोळशाची भट्टी उंच करता आली नाही याचेही कारण हेच. चांद्याचे खनिज आणि चांद्याचा कोळसा यांच्यात जमिनीवरील अंतर अल्प होते, पण त्या काळच्या तंत्रविद्येने दोहोंत उभी केलेली दरी ओलांडण्याजोगी नव्हती.

काही लेखकांनी चांद्याचे अपयश ब्रिटिश धोरणाच्या माथी मारले आहे. १८८२ च्या बाबतीत त्यात तथ्य आहे. नियम उदार असते, तर लोहाऱ्याचा शोध वीस वर्षे आधी पूर्ण झाला असता. पण तो पूर्ण होऊन उत्तर बदलले असते, असे मानण्यास आधार नाही. उलट १८८२ मध्येच घाईने वरोऱ्याच्या कोळशावर कारखाना उभा राहिला असता, तर तो बुडण्याचा संभव मोठा होता व त्याबरोबर भारतीय भांडवलाचा या धंद्यावरील विश्वासही.

जिवतीची चुनखडी : झोतभट्टीत चुनखडी अभिवाह म्हणून वापरतात, ती खनिजातील वाळूशी संयोग पावून वितळणारी मळी बनविते. लोखंडाचा कारखाना नसल्याने राजुरा–जिवती भागातील चुनखडीस हे काम मिळाले नाही. तिला मागणी आली ती सिमेंटसाठी. १९८० च्या दशकात कोरपना तालुक्यात आवारपूर (१९८३) व गडचांदूर येथे मोठे सिमेंट कारखाने सुरू झाले व पुढे उपरवाही येथे आणखी एक कारखाना आला. सिमेंटच्या भट्टीस कोळसा केवळ उष्णतेसाठी लागतो, त्यामुळे वर्धा खोऱ्याचा कोळसा येथे पूर्णपणे चालला. चंद्रपूरच्या औष्णिक विद्युत् केंद्राची राखही सिमेंटमध्ये मिसळण्याच्या उपयोगी पडली. ज्या खनिजसमूहाने लोखंडाच्या बाबतीत दगा दिला, त्यातील दोन खनिजांनी सिमेंटच्या बाबतीत साथ दिली.

जिवतीच्या पठारावर गोंड व कोलाम यांची जुनी वस्ती असून १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास मराठवाड्यातून अनेक कुटुंबे येऊन स्थायिक झाली. बंजारा समाजही मोठा आहे. येथील बरीचशी जमीन कागदोपत्री वनजमीन असल्याने कसणाऱ्यांना पट्टे मिळण्याचा प्रश्न दीर्घकाळ रेंगाळला आणि सीमेवरील चौदा गावांवर शेजारच्या राज्याने हक्क सांगितल्याने तो आणखी गुंतला. खाणपट्ट्यांत आलेल्या कोलामांच्या जमिनींच्या मोबदल्याच्या तक्रारीही येथे वर्षानुवर्षे चालत आल्या आहेत. औद्योगिक इतिहासात अशा गोष्टी तळटिपेत ढकलण्याची प्रथा आहे. जिवतीत मात्र खनिज कोणाच्या जमिनीखाली आहे हाच प्रश्न आधी येतो.

स्पंज आयर्न : कोककारी कोळशाविना लोखंड करण्याच्या रीतीचा शोध विसाव्या शतकात अनेक देशांत चालू होता. जर्मनी व कॅनडा येथील कंपन्यांच्या प्रयत्नांतून विकसित झालेल्या पद्धतीत लोहखनिज व साधा कोळसा एका लांब, किंचित कलत्या, सावकाश फिरणाऱ्या नळकांडी भट्टीत सु. १,०००° से. तापमानास तापवितात. खनिज वितळत नाही. घनरूपातच त्याचे क्षपण होऊन सच्छिद्र लोखंड मिळते व ते पुढे विद्युत् भट्टीत वितळवून पोलाद करतात. भट्टी आडवी असल्यामुळे कोळशावर भार येत नाही आणि तो कोककारी असण्याची गरज उरत नाही. घनरूप क्षपणाचे हे तत्त्व गोंडांच्या मातीच्या भट्टीतील तत्त्वाहून वेगळे नाही. आकार, नियंत्रण व तापमानाची समानता यांत मात्र दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

भारतात कोळशावर चालणारा या प्रकारचा पहिला कारखाना १९८० मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशात पालोंचा येथे सुरू झाला. तो सिंगरेणीच्या कोळशावर आधारलेला होता, म्हणजे वर्धा खोऱ्याच्याच दक्षिणेकडील सलग कोळसापट्ट्यावर. उद्योजकांच्या दृष्टीने या पद्धतीचे आकर्षण तांत्रिक तितकेच आर्थिकही होते. झोतभट्टीसाठी अवाढव्य भांडवल लागते व ती बंद ठेवता येत नाही. फिरती भट्टी लहान प्रमाणावर उभी करता येते आणि एकेक करून वाढविता येते. त्यामुळे ज्या मध्यम भांडवलदारांना पोलादाच्या धंद्यात पूर्वी प्रवेशच नव्हता, ते त्यात आले. २००३ नंतर भारत हा जगातील सर्वांत मोठा स्पंज आयर्न उत्पादक देश ठरला. चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुस येथे लॉइड्स मेटल्स या कंपनीचा असा कारखाना विसाव्या शतकाच्या अखेरीस उभा राहिला. त्याची वार्षिक उत्पादनक्षमता पुढे २ लक्ष ७० हजार टनांवर गेली. जर्मनीतील चाचणीत नापास ठरलेल्या कोळशाच्या खोऱ्यातच अखेर लोखंड होऊ लागले.

या पद्धतीचे दोषही लहान नाहीत. तीत कोळशाची धूळ व वायू मोठ्या प्रमाणावर बाहेर पडतात आणि शोषण यंत्रणा चालविण्याचा खर्च वाचविण्याचा मोह कारखानदारांना होतो. खाणी, विद्युत् केंद्र, सिमेंट व लोखंड यांच्या एकत्रित परिणामामुळे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये चंद्रपूरची गणना देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत केली.

सुरजागड : घुग्घुसच्या कारखान्यास जवळचे खनिज हवे होते. त्यासाठी २००७ मध्ये सुरजागड येथील सु. ३४८ हेक्टर क्षेत्राचा खाणपट्टा मंजूर झाला. येथे तांत्रिक प्रश्न दुय्यम होते. हा डोंगर परिसरातील माडिया गोंडांच्या ठाकूरदेवाचे स्थान असून तेथे दरवर्षी जानेवारीत यात्रा भरते. भोवतालच्या सु. ७० गावांच्या इलाख्याने खाणीस विरोध केला. पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात ग्रामसभेस असलेले अधिकार (१९९६ चा पेसा अधिनियम) आणि २००६ च्या वनहक्क अधिनियमाखालील सामूहिक हक्क हे या विरोधाचे कायदेशीर आधार होत. याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला होता व जंगलावर ग्रामसभेचा अधिकार चालू शकतो हे तेथे दिसून आले होते. दुसरीकडे माओवाद्यांनी हिंसेचा मार्ग धरला. २०१३ च्या जूनमध्ये कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यासह तिघांची हत्या झाली व डिसेंबर २०१६ मध्ये खनिज वाहतुकीची सु. ८० वाहने जाळण्यात आली. २०१९ मध्ये आलापल्ली मार्गावरील भीषण अपघातानंतर संतप्त लोकांनी मालमोटारी पेटविल्या व उत्खनन थांबले. ग्रामसभांचा सनदशीर विरोध आणि सशस्त्र कारवाया या दोन भिन्न गोष्टी होत. अनेक वृत्तांतांत त्यांची गल्लत झाली आणि त्याचा तोटा ग्रामसभांना झाला.

२०२१ मध्ये कडक पोलीस बंदोबस्तात काम पुन्हा सुरू झाले. २०२३ मध्ये उत्खननाची मर्यादा वर्षास ३० लक्ष टनांवरून १ कोटी टनांपर्यंत वाढविण्यास पर्यावरणीय मान्यता मिळाली. खनिजाची अरण्यातील मालमोटार वाहतूक हा लोकांच्या रोषाचा मोठा विषय होता. २०२५ मध्ये हेडरी ते चामोर्शी तालुक्यातील कोनसरी अशी सु. ८५ किमी. लांबीची नलिका सुरू झाली. खनिजाचे बारीक चूर्ण पाण्यात कालवून ते तिच्यातून वाहून नेतात व कोनसरी येथे त्याच्या गुटिका बनवितात. डोंगरातील कनिष्ठ प्रतीचे पट्टित हेमॅटाइट क्वॉर्ट्‌झाइटही दळून व प्रतवारी करून वापरात आणण्याची ही दिशा आहे. लोहाऱ्याच्या वेळी खनिज जसे निघेल तसेच भट्टीत घालावे लागे, म्हणून केवळ उच्च प्रतीचा साठा मोजला जाई. कोनसरी येथे त्याच वर्षी एकात्मिक पोलाद कारखान्याची कोनशिला बसविण्यात आली. पोलाद झोतभट्टीच्या मार्गाने करावयाचे झाल्यास त्यासाठी लागणारा कोककारी कोळसा वर्धा खोऱ्यात नाही. तो समुद्रमार्गे व रेल्वेने बाहेरूनच आणावा लागतो.